अंत्यविधीचा खर्च आणि गावाचे कर्तव्य
(भाषणाचा मजकूर)



महाडचे चवदार तळे नगरपालिकेचे, म्हणजेच सर्वांचे होते. तरीही अस्पृश्य मानलेल्या समाजाला त्याचे पाणी वर्ज्य होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तेथे सत्याग्रह केला. तळे खाजगी असल्याचा दावा पुढे न्यायालयात गेला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सत्याग्रहींच्या बाजूने निर्णय दिला. सार्वजनिक जागा सर्वांची, हा या तळ्याचा धडा होय. तो जसा पाणवठ्याला लागू आहे, तसाच स्मशानालाही लागू आहे.

दहन करावे की दफन, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु दोहोंच्या खर्चाचा विचार पंचायतीने करणे अगत्याचे आहे. उघड्या चितेला साधारणतः ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. सरपणाचा दर किलोला १० रुपये धरला, तरी ही रक्कम तीन ते चार हजारांवर जाते. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे मजुराच्या कुटुंबाची दहा ते तेरा दिवसांची कमाई केवळ लाकडात जाते. महाड-पोलादपूरच्या पावसाळ्यात तर कोरडे लाकूड मिळणेच दुरापास्त होते. ओल्या लाकडाला जास्त इंधन लागते, वेळही अधिक जातो.

दफनात सरपणाचा खर्च नाही. खड्डा खणण्याची मजुरी असते आणि पुष्कळदा भाऊबंद व शेजारीच ते काम करतात. मात्र तेथे जमीन लागते. एका कबरीला भोवतालच्या जागेसह ३ चौरस मीटर धरले, तर एक गुंठ्यात सुमारे ३३ कबरी बसतात. कातळात खणणे कष्टाचे आणि पाणथळ जागेत खणणे अयोग्य. तात्पर्य, दहनाचा भार प्रामुख्याने त्या घरावर पडतो, तर दफनाचा भार गावाच्या जमिनीवर पडतो.

महाराष्ट्रातील अनेक दलित व भटक्या समाजांत दफनाची चाल होती. तिच्यामागे रूढी होती, तशीच लाकूड विकत घेण्याची ऐपत नसणे हेही एक कारण होते. त्यात गावच्या स्मशानात प्रवेश नसला, तर दुःखात अपमानाची भर पडे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ अन्वये अस्पृश्यतेच्या कारणावरून दहनभूमी वा दफनभूमी वापरण्यास मज्जाव करणे हा दंडनीय अपराध आहे. तरीही जातवार वेगळी स्मशाने ठेवण्याची प्रथा अनेक गावांतून गेलेली नाही. प्रत्येक जातीसाठी निराळी शेड, निराळा रस्ता व निराळे कुंपण करण्यात सार्वजनिक पैसाही विभागला जातो. डॉ. बाबा आढाव यांनी १९७२ मध्ये ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम हाती घेतली. त्याच न्यायाने ‘एक गाव, एक स्मशान’ हे ध्येय ठेवले पाहिजे.

यासाठी करावयाची कामे अवघड नाहीत. दहनभूमी व दफनभूमी यांची जागा अभिलेखात नोंदवून घ्यावी. जनसुविधांच्या विशेष अनुदानातून शेड, ओटा व रस्ता करता येतो. जुलै २०२१ च्या महापुराचा अनुभव ध्यानी घेऊन ही बांधकामे पूररेषेच्या वर असावीत. चितेसाठी लोखंडी सांगाडा बसविल्यास खालून हवा खेळते व लाकूड कमी लागते. पावसाळ्यापूर्वी कोरड्या लाकडाचा साठा करून गरजू कुटुंबास तो विनामूल्य द्यावा. पडीक जागेत लवकर वाढणारी झाडे लावल्यास हा साठा गावातच तयार होईल. शिक्षकांनी मृत्यूची नोंद २१ दिवसांत करण्याचे महत्त्व घरोघर सांगावे.

मरण कोणासही चुकत नाही. मात्र त्यापायी घर कर्जात बुडणे आणि मृताला गावाच्या कडेला वेगळी जागा शोधावी लागणे, या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. ज्या तालुक्याने पाण्याचा हक्क देशाला शिकविला, त्याने अखेरच्या मुक्कामाचा हक्कही प्रत्येकाला द्यावा, हेच उचित होय.