परदेशचें बियाणें आणि आमच्या बांध्या



गोंदिया हा धानाचा जिल्हा. १९९९ सालीं तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तरी पीक तेंच आणि तळींहि तींच. परदेशचें तांत्रिक साहाय्य म्हटलें म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांपुढें अवजड यंत्रें उभीं राहतात. धानशेतीला मात्र तें साहाय्य मुख्यतः दोन रूपांनीं लाभलें : एक रीत आणि मूठभर बियाणें.

रीत जपानची. १९५३ सालीं जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम देशभर सुरू झाली. तिचे प्रयोग मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा केंद्रांत झाले होते. गादीवाफ्यावर निवडक बीं विरळ पेरून पऱ्हे सशक्त करावयाचे, ओळींत रोवणा करावयाचा, मधून कोळपें फिरवावयाचें आणि खत सढळ हातानें द्यावयाचें. आवत्या टाकून मोकळें होणारास हें लचांड वाटणें साहजिक होतें. शिवाय दिवसभर चिखलांत ओणवें राहून रोवणा करावयाचा तो स्त्रियांनीं. पद्धतीची स्तुति करणारांस याची आठवण क्वचितच होते!

बियाणें फिलिपाईन्सचें. फोर्ड व रॉकफेलर या अमेरिकन प्रतिष्ठानांनीं तेथील सरकारच्या सहकार्यानें १९६० सालीं लॉस बान्योस येथें आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन केली. तिनें १९६६ सालीं ‘आय. आर. ८’ हा वाण दिला. इंडोनेशियाचा उंच ‘पेटा’ आणि तैवानचा ठेंगणा वाण यांचा हा संकर. जुनें उंच धान खत दिलें कीं लोळे. हें ठेंगणें रोप लोंबीचा भार पेलून उभें राही. उत्पन्न वाढलें, यांत शंका नाहीं.

परंतु दाणा जाड, भात निवाला कीं कडक, आणि तणस आंखूड. बैलांनीं खावें काय? त्यांतून ठेंगण्या रोपास पाणी लागतें मापाचें. आमच्याकडे कोहळ्यांनीं बांधलेल्या तळ्यांचें पाणी एका बांधींतून दुसऱ्या बांधींत उतरतें. वरच्यानें धुरा फोडला कीं खालच्याचें रोप बुडालें! बियाणें पोत्यांत घालून आणतां येतें. पाण्याच्या पाळ्या शेजाऱ्यांनीं आपसांतच ठरवाव्या लागतात.

चवीची उणीव भरून निघाली ती शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांत. नागभीड तालुक्यांतील नांदेडचे दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्यास १९८३ सालीं ‘पटेल ३’ या धानांत कांहीं निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनीं त्या वेगळ्या राखल्या, वर्षानुवर्षें निवडून पेरल्या. त्यांतून बारीक दाण्याचें धान निघालें. त्यास लोकप्रिय घड्याळावरून ‘एच. एम. टी.’ हें नांव मिळालें. लॉस बान्योसच्या शास्त्रज्ञांचें लक्ष एकरी उताऱ्यावर होतें. दादाजींनीं भात ताटांत कसा लागतो तेंहि पाहिलें. २०१८ सालीं ते वारले. त्यांचा तांदूळ गोंदियाच्या बाजारांत आजहि नांवानें मागितला जातो.