अर्जातला धर्माचा रकाना

(१० ऑगस्टला दिल्लीत मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मित्रांनो, जय भीम. आणि आमच्या नगरकडच्या मंडळीत म्हणतात तसा, सलाम.

अनिश्चित काळात ख्रिस्ती श्रद्धेतून धैर्य कसं मिळतं, यावर मला बोलायला सांगितलंय. पण आजची तारीख बघा. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानं ठरवलं की हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरायचा नाही. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. तुमच्या घरच्यांनी १९५६ ते १९९० अशी ३४ वर्षं वाट पाहिली, म्हणून हे तुम्हाला फार समजावून सांगावं लागत नाही.

सूसाई नावाचे गृहस्थ मद्रासला रस्त्याच्या कडेला चपला शिवायचे. अशा कारागिरांना सरकारनं फुकट टपऱ्या दिल्या. यांना नाही, कारण हे ख्रिस्ती. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये सांगितलं, धर्म बदलल्यावरही जातीचा जाच तितकाच राहतो हे दाखवा. आरी तीच, रापी तीच, रस्ता तोच. टपरी मात्र मिळाली नाही. ॲट्रॉसिटीच्या कायद्याचं संरक्षणही आम्हाला नाही.

बारावीनंतर दिल्लीचा अर्ज भरत होतो. मामा म्हणाले, "हिंदू लिही की. आजोबांच्या दाखल्यावर तेच आहे. कोण बघतंय?" आई काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली. आमच्यात कितीतरी जण दोन नावांनी जगतात, एक मंडळीतलं, एक कागदावरचं. मी त्यांना हसत नाही. फी भरायची असते.

त्या रात्री मला खरंच भीती वाटली. पाळकसाहेब दर रविवारी सांगायचे, भिऊ नका. त्याचा काही उपयोग झाला नाही. आजीचं बायबल उघडलं आणि गेथशेमानेची गोष्ट वाचली. तिथं येशू स्वतः घाबरलाय. सोबतचे झोपलेत. हा प्याला टळू दे, असं तो बापाजवळ मागतो. प्याला टळत नाही. मग तो उठतो आणि चालू लागतो. मला तेवढं पुरलं. भीती लपवून देवासमोर जायचं नसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी ख्रिश्चन लिहिलं. पहिल्या यादीत नाव लागलं नाही, दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या यादीत भलत्याच कॉलेजात लागलं. चमत्कार वगैरे काही झाला नाही.

श्रद्धा म्हणजे चर्चवर डोळे मिटून विश्वास, असं मात्र समजू नका. आमच्यात सोयरीक जुळवताना मूळ जात हळूच विचारतात. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनंही २०१६ मध्ये चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे लेखी कबूल केलं. ते धैर्यही उशिराच आलं. पण ११ डिसेंबर २०१३ ला याच दिल्लीत दलित ख्रिस्ती संसदेकडे निघाले, तेव्हा थंडीत पाण्याचे फवारे आणि लाठ्या खाणाऱ्यांत नन होत्या, फादर होते. आर्चबिशप अनिल कुटो यांनाही पोलिसांनी ताब्यात घेतलं. मी तेव्हा नगरला शाळेत होतो. बातमी वाचून वाटलं, निदान आता हे आमच्याबरोबर भिजले तरी.

याचिका २००४ पासून पडून आहे. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये तो परिच्छेद काढा म्हणून सांगितलं. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला, त्याला मुदतवाढी मिळत गेल्या. इतके आयोग बसले, तेवढ्यात माझं शिक्षण संपलं!

कुणी विचारतं, बाबासाहेबांनी बुद्ध दिला, तुम्ही अजून चर्चमध्ये कसे? माझे पणजोबा १९५६ च्या आधीच मंडळीत गेले होते. मिशनच्या शाळेसाठी म्हणा, विहिरीच्या पाण्यासाठी म्हणा. बाबासाहेबांचा फोटो आणि क्रूस आमच्या एकाच भिंतीवर आहेत.

यंदा धाकट्या भावाचा अर्ज आहे. आईनं फोन केला, "त्यानं काय लिहावं रे?" मी म्हटलं, त्याला ठरवू दे. काहीही लिहिलं तरी दिल्लीला आला की रविवारी माझ्या शेजारच्या बाकावर त्याची जागा आहे. आई म्हणाली, "बरं. स्वेटर देऊन पाठवते."