घंटा बंद करण्यापूर्वी

२००८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. अब्बांवर कविता लिहीत होतो. कापडाचं गाठोडं डोक्यावर घेऊन ते दऱ्या ओलांडून बाजाराला जात, ती ओळ जमेना. माझ्या संगणकावर लिनक्स, आणि पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारी एक्स विंडो सिस्टिम. शिफ्टच्या कळीवर बोट टेकून मी विचार करत बसलो. तेवढ्यात ‘टुंग’ झालं. घरातले झोपलेले, मी माऊसनं घंटाच बंद करून टाकली.

त्यानंतर अक्षरं गळू लागली. कीबोर्ड झटकला, दुसरा आणला, रड तीच. कळ जरा दाबून धरली की मात्र अक्षर उमटे. तशीच कविता पुरी केली आणि दिवाळी अंकाकडे पाठवली.

अंक आला. आपाचा फोन, “अरे, अब्बा दर्या ओलांडून कधी गेले होते?”

इन्स्क्रिप्ट मांडणीत र आणि ऱ एकाच कळीवर आहेत. शिफ्टसह दाबली तर ऱ, नाहीतर र. शिफ्टवरचं बोट सवयीनं लवकर उचललं गेलं आणि दऱ्यांचा समुद्र झाला. वाचून पाहिलं असतं तर दिसलं असतं; तो दोष माझाच.

पुढे शेजारच्या मुलानं ‘एक्सईव्ही’ नावाचा छोटा प्रोग्रॅम उघडला. कोणती कळ संगणकापर्यंत पोचली, ते त्यात दिसतं. झटकन दाबलेली पोचत नव्हती, दाबून धरलेली पोचत होती. म्हणजे कळा शाबूत, अडवणूक मधेच. ‘स्लो कीज’ ही सोय सुरू झाली होती. हात थरथरणाऱ्यांची चुकून लागलेली बोटं मोजली जाऊ नयेत, म्हणून ती केलेली. शिफ्ट आठ सेकंद धरली की ती सुरू होते, पुन्हा तशीच धरली की बंद.

आणि ती सुरू झाल्याचं सांगायलाच घंटा वाजली होती!

टेलिप्रिंटरमध्ये खरीखुरी घंटा असे, माणसाचं लक्ष वेधायला. संगणकाच्या अ‍ॅस्की संकेतांत सात हा क्रमांक आजही तिचाच आहे. मी मात्र तिचं म्हणणं न ऐकताच तिला गप्प केलं.

आता ‘एक्ससेट बी २०’ असा हुकूम देऊन घंटेचा आवाज वीस टक्क्यांवर ठेवतो. झोपमोड होत नाही, मला ऐकू येतं. छापलेली ओळ काही बदलत नाही. आपानं तिच्या अंकात निळ्या शाईनं ‘र्या’चा ‘ऱ्या’ करून ठेवला आहे.