खेळातला मुलूख

आजच्या भाषणाचा विषय कानावर पडताच काही घरांत रेडिओचा कान पिळण्यासाठी हात पुढे झाला असेल, याची मला कल्पना आहे. व्हिडिओ गेम म्हणजे पोरांच्या डोळ्यांची नासाडी, अभ्यासाचा खेळखंडोबा आणि आईबापांच्या खिशाला चाट, असे समीकरण आपल्या सुशिक्षित घरांत ठरून गेले आहे. या आक्षेपांत तथ्य मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु कादंबरी, नाटक आणि बोलपट या तिघांनाही आपल्या घरात शिरताना उंबरठ्यावर असाच अडसर लागला होता, आणि पुढे तिघांनाही सन्मानाने पाट मांडला गेला, एवढे लक्षात घेऊन थोडा वेळ माझे म्हणणे ऐकावे, अशी विनंती आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मध्यंतरी कित्येक वर्षे ‘गेमिंग’ हा शब्द आपल्या कानावर पडे तो रमीच्या आणि पैजांच्या जाहिरातींतून. पैसे लावून खेळावयाच्या त्या आभासी खेळांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली. त्या कायद्यानेही पैशांचा खेळ आणि निव्वळ करमणुकीचा खेळ यांत भेद केलेला आहे. मी बोलणार आहे तो कन्सोलवरील खेळांविषयी. कन्सोल म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची एक पेटी. कंट्रोलर दोन्ही हातांत धरावा, पडद्यावरील पात्राला चालवावे, लढवावे, वाट शोधावयास लावावे, आणि कथा त्याच्या पावलांबरोबर उलगडत जावी, असे या खेळाचे स्वरूप असते. हौस स्वस्त नाही. प्लेस्टेशन-पाच ही पेटी फेब्रुवारी २०२१ मध्ये हिंदुस्थानात आली तेव्हा तिची किंमत ४९,९९० रुपये होती, आणि तिच्यावरील एखादा नवा मोठा खेळ पाच हजारांच्या घरात जातो. म्हणूनच कोणता खेळ घ्यावा आणि कोणता दुकानातच राहू द्यावा, याचा विवेक करणे भाग पडते.

जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक या कुकडीकाठच्या गावी ही हौस जोपासताना माझ्यापुरती एक कसोटी तयार झाली आहे. चित्रे किती लखलखीत आहेत, शत्रू किती मारावयाचे आहेत, खेळ किती तास पुरतो, या गोष्टी मी मागाहून पाहतो. प्रथम पाहतो ते हे, की या खेळाच्या कर्त्यांना कुठला तरी मुलूख मनापासून ठाऊक आहे काय? कादंबरीकार आपल्याला एखाद्या गावाविषयी सांगतो; खेळ मात्र आपल्याला त्या गावात सोडून देतो. तेथे गल्ली चुकली तर आपण चुकतो. दार बंद असेल तर आपण बाहेर राहतो. कर्त्याला ते गाव ठाऊक नसेल, तर ही लबाडी पहिल्या अर्ध्या घटकेतच उघडी पडते.

या कसोटीला उतरलेले गेल्या काही वर्षांतील खेळ पाहू. २०२० च्या जुलैमध्ये ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ निघाला. १२७४ साली जपानच्या त्सुशिमा बेटावर मोंगलांनी केलेली स्वारी हा त्याचा विषय. वाट दाखवण्यासाठी येथे पडद्यावर बाण येत नाही. कंट्रोलरवर बोट फिरवले की वारा सुटतो, गवत त्या दिशेने लवते, आणि आपण त्या वाऱ्यामागे निघतो. हा खेळ अमेरिकेतील सकर पंच या मंडळींनी रचला. परका माणूसही कष्ट करून एखादा मुलूख आपलासा करू शकतो, याचे हे उदाहरण. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बेटावरील वाताझुमी देवस्थानाचे एक तोरणद्वार वादळात कोसळले, तेव्हा जगभरातील खेळगड्यांनी वर्गणीत हातभार लावला. मागितले होते ५० लाख येन, जमले अडीच कोटींहून अधिक! पुढे २०२१ मध्ये त्सुशिमा शहराने या खेळाच्या दोघा दिग्दर्शकांना पर्यटनदूत नेमले.

दुसरे उदाहरण बोहेमियाचे. प्राग येथील वॉरहॉर्स स्टुडिओने २०१८ मध्ये ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्याचा दुसरा भाग काढला. काळ १४०३ चा. नायक एका लोहाराचा पोर. पहिल्या भागात हा पोर निरक्षर असतो. त्याने पुस्तक उघडले, तर अक्षरे उलटीसुलटी होऊन आपल्यालाही वाचता येत नाहीत. एका कारकुनापाशी बसून धुळाक्षरे गिरवावी तेव्हा कुठे पाने बोलू लागतात. निरक्षरतेवर व्याख्याने मी पुष्कळ ऐकली आहेत, परंतु निरक्षर माणसाची कुचंबणा मला या खेळाने जशी जाणवून दिली तशी कोणत्याही व्याख्यानाने दिली नाही. दुसऱ्या भागात लोखंड तापवून ऐरणीवर घाव घालावे लागतात. पाते सर्व अंगांनी सारखे तापले नाही, तर ते बिघडते. चांदीच्या खाणींमुळे वैभवाला चढलेले कुटना होरा हे खरेखुरे शहर त्यात उभे केले आहे.

तिसरे उदाहरण चीनचे. ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ हा खेळ २० ऑगस्ट २०२४ रोजी निघाला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. चिनी लोकांच्या घरोघरी ठाऊक असलेल्या वानरवीराची कथा. परंतु तिच्यातील मंदिरे आणि मूर्ती कर्त्यांनी मनाने रचल्या नाहीत. शान्शी प्रांतातील खऱ्या जुन्या मंदिरांची यंत्राने मोजमापे घेऊन ती खेळात आणली. परिणामी खेळणारे लोक पुढे ती मंदिरे पाहावयास शान्शीत जाऊ लागले. आणि हे सर्व अफाट भांडवलाचेच काम, असेही कोणी समजू नये. फ्रान्समधील माँपेल्ये येथील सुमारे तीस जणांच्या मुख्य चमूने रचलेला ‘क्लेर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ एप्रिल २०२५ मध्ये आला, आणि डिसेंबरात ‘द गेम अवॉर्ड्स’ या समारंभात वर्षाचा सर्वश्रेष्ठ खेळ ठरला. त्याचे जग कल्पित आहे, परंतु त्या कल्पनेची माती शंभरसव्वाशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्सची आहे.

आता आपल्या घराकडे वळू. बोरीहून पुणे काही फार लांब नाही. त्या पुण्यात युबिसॉफ्ट या बड्या फ्रेंच कंपनीची शाखा २००८ पासून आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ हा २००३ सालचा गाजलेला खेळ नव्याने घडवण्याचे काम पुण्याच्या आणि मुंबईच्या शाखांकडे असल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा आम्हा खेळगड्यांची छाती फुगली होती. पुढे पहिल्या झलकेतील चित्रांवर टीका झाली, तारखा पुढे गेल्या, आणि २०२२ मध्ये हे काम मॉन्ट्रियलच्या शाखेकडे सोपवले गेले. या प्रकरणात दोष कोणाचा, हे ठरवण्याचा अधिकार बाहेरच्या माणसाला नाही. मला त्यातून दिसते ते एवढेच, की आपल्या मुलांचे कसब आता जगाच्या बाजारात उतरले आहे. परंतु ज्या कथेवर ते राबत होते ती इराणची, तिचा मालक फ्रान्सचा, आणि तिचे भवितव्य ठरवणारे दुसऱ्याच खंडात बसलेले. मजुरी आपली आणि मुलूख परक्याचा, अशी ही अवस्था आहे.

याला एक सन्माननीय अपवाद पुण्यातच घडला. नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीने ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० मध्ये काढला. २०१७ मध्ये त्यासाठी लोकवर्गणी मागितली होती, ती पुरी झाली नाही. तरी काम सोडले नाही. डोंबाऱ्यांसारखे कसरतीचे खेळ करणारी राजी ही पोर असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाचा, गोलूचा, शोध घेते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांनी उलगडतात. त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील उत्तम स्वतंत्र खेळांच्या यादीत त्याचे नाव होते. पुढे २०२२ च्या सुधारित आवृत्तीत पात्रे हिंदीही बोलू लागली. खेळ सुंदर आहे, आणि त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. लढाईत हात मोकळेपणाने चालत नाहीत, आणि खेळ संपतो तो मध्यंतराचा पडदा पडावा तसा. शिवाय राजी ज्या गवाक्षांतून आणि सज्जांतून धावते ती घडण राजस्थानची. कलावंताने कोणता प्रांत निवडावा, हे सांगणारे आपण कोण? परंतु पुण्यात बसून रचलेल्या खेळात सह्याद्री कुठेच दिसू नये, याची चुटपुट मात्र लागून राहते.

येऊ घातलेल्या खेळांपैकी ज्याची जगभर सर्वांत अधिक चर्चा आहे तो म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चा सहावा भाग. त्यासाठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर झाली. अमेरिकेच्या फ्लोरिडा संस्थानाची नक्कल करून त्यात एक प्रांतच्या प्रांत वसवला आहे. खेळ गुन्हेगारीचा, प्रौढांसाठीचा. घरात लहान मुले असतील त्यांनी तो दूर ठेवावा. माझे लक्ष मात्र दुसरीकडे आहे. ‘राजी’चा पुढील भाग ‘राजी: कलियुग’ या नावाने जाहीर झाला आहे. त्याने पहिल्याहून मोठे व्हावे, अशी माझी अपेक्षा नाही. आरंभलेली कथा पुरी करावी, एवढेच मागणे आहे. सोनी कंपनीने हिंदी खेळकर्त्यांना साहाय्य करण्यासाठी २०२३ मध्ये जो प्रकल्प काढला, त्यात निवडला गेलेला मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा ‘मुक्ती’ हाही तसाच. एका वस्तुसंग्रहालयात फिरता फिरता माणसांच्या चोरट्या व्यापाराची हकीकत उमगावी, अशी त्याची कल्पना आहे. देव, असुर आणि चक्रवर्ती यांच्याविना हिंदी खेळ होऊ शकतो, हे कोणी तरी दाखवून देणे अगत्याचे होते.

कारण आपल्याकडे विषयांचा दुष्काळ नाही. पाहणाऱ्या डोळ्यांचा आहे. बोरीचेच घ्या. आमच्या कुकडीच्या काठच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली आहे, आणि तिच्या सान्निध्यात अश्मयुगीन माणसाच्या दगडी हातकुऱ्हाडी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी गेल्या शतकाच्या नवव्या दशकात ही गोष्ट उजेडात आणली. ही राख सुमात्रा बेटावरील टोबाच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकातली, की त्याहून कित्येक लाख वर्षे जुनी, यावर पंडितांत वाद आहे. कल्पना करा: नदीकाठी एक माणूस दगडावर दगड मारून धार काढतो आहे. घाव तिरपा बसला तर दगड फुटतो, नेमका बसला तर कपची उडते. बोहेमियाच्या लोहाराची ऐरण खेळात येऊ शकते, तर आमच्या या आद्य कारागिराचा दगड का येऊ नये?

तालुका थोडा आणखी फिरा. नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे आणि त्यात जुन्या ब्राह्मी अंकांत मोजलेली दाने आहेत. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. त्यांतील लेखांत राजांपेक्षा सामान्यांची नावे अधिक: धान्याचे व्यापारी, बुरूड, कासार यांच्या श्रेणी, आणि येथे येऊन दान करणारे यवनही. कोकणातून माल भरून घाट चढणारा एखादा व्यापारी, त्याचे बैल, जकातीची घासाघीस, रात्रीचा मुक्काम लेण्यात! यात तलवार एकदाही उपसावी लागली नाही, तरी खेळ रंगेल. आणि त्या व्यापाऱ्याशी घासाघीस मराठीत करता आली, तर मग काय सांगावे? मराठी बोलणारा कन्सोलवरचा मोठा खेळ अद्याप तरी माझ्या हाती आलेला नाही.

श्रोतेहो, हे घडणे वा न घडणे पुष्कळसे आपल्या घरांवर अवलंबून आहे. आज चित्र काढणारी, संगणकावर राबणारी, इतिहासाची गोडी असलेली मुले आपल्याच घरांत आहेत. ‘मला खेळ रचावयाचे आहेत’ असे त्यांतल्या एखाद्याने म्हटले, तर त्याला हसण्यावारी नेण्यात येते; मग तो पोटासाठी परक्याच्या मुलुखातील भिंती रंगवतो, आणि आपल्या मुलुखाची भिंत कोरीच राहते. मुलाने खेळ मागितला, तर वेष्टनावरील वयाचा आकडा आधी पाहा. मी वाखाणलेले बहुतेक परदेशी खेळ सोळा-अठरा वर्षांपुढील माणसांसाठी आहेत, हे विसरू नका. परंतु खेळ आणल्यावर एक तास त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, ‘हे गाव कुठले? हा माणूस काय काम करतो? हे घर असे का बांधले आहे?’ त्याला उत्तरे देता आली, तर खेळ बरा आहे असे समजावे. आणि एके दिवशी त्यानेच उलट विचारले, ‘आपल्या गावावर असा खेळ का नाही?’ तर कृपा करून हसू नका. तो प्रश्न विचारणाऱ्या मुलांतूनच उद्याचा कर्ता निघावयाचा आहे.