अडलेला पंखा

गेल्या उन्हाळ्यात एके दुपारी मी घरी परतलो, तो माझी वृद्ध आई स्टुलावर उभी राहून काठीने छताच्या पंख्याचे पाते ढकलीत होती. “नुसता गुणगुणतो, उठत नाही, पण जरा ढकलला की चालू लागतो,” ती म्हणाली. आदल्याच दिवशी एका कारागिराने ‘वाइंडिंग जळाले’ असा निकाल दिला होता. तो खर्च वाचावा म्हणून हा उपद्व्याप चालला होता. मी तिला हात देऊन खाली उतरविले. काठी निसटून तोल गेला असता तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करितो.

वास्तविक आईच्या त्या वाक्यातच रोगाचे निदान होते. वाइंडिंग जळाले असते, तर बहुधा करपट वास आला असता, फ्यूज उडाला असता किंवा पंखा अगदीच मुका झाला असता. गुणगुणणारा आणि धक्का देताच फिरणारा पंखा बहुधा कपॅसिटरकडे बोट दाखवितो.

त्याचे कारण असे. घरातील सिंगल फेज वीज सेकंदाला ५० आवर्तने करिते. एकट्या वेटोळ्यातील तिचे चुंबकत्व मागेपुढे हेलकावते, फिरत नाही. म्हणून मोटरीला दिशा सापडत नाही. दुसऱ्या वेटोळ्याला कपॅसिटर जोडला की त्यातील प्रवाह वेळेच्या हिशेबाने पुढे सरकतो आणि दोन्ही मिळून फिरते चुंबकक्षेत्र निर्माण होते. कपॅसिटर निकामी झाला, तर जिकडे ढकलावे तिकडे पंखा फिरतो! क्रमाक्रमाने मंद होत जाणारा पंखाही पुष्कळदा याच दुखण्याने ग्रासलेला असतो. कपॅसिटरच्या पातळ पापुद्र्याला सूक्ष्म छिद्र पडले की त्याभोवतीचा धातूचा थर उडून जातो व दोष तेथेच मिटतो. परंतु दरवेळी थोडी धारणशक्ती घटते.

मी प्रथम मेन स्विच बंद केला. केवळ भिंतीवरील बटणावर विसंबू नये; ते चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसविलेले असू शकते. मग पाते हाताने फिरवून पाहिले. ते अडखळत असते, तर दोष बेअरिंगचा ठरला असता. ते सहज फिरले. दांडीवरील वाटी सरकविताच कपॅसिटर दिसला. त्यात साठलेली वीज मूठबंद पेचकसाने दोन्ही टोके जोडून घालविली. तो झटका एरवी लहान. पण शिडीवर तोल घालविण्यास पुरेसा. तारांच्या जागा लिहून ठेवून कपॅसिटर सोडविला. त्यावर २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट असे छापलेले होते. मीटरवर जेमतेम १ भरला.

नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच असावा आणि व्होल्टचा आकडा कमी नसावा. अधिक क्षमतेचा बसवून वेग वाढविण्याचा मोह धरू नये. त्याने वेटोळी तापतात. याला धन-ऋण बाजू नसल्याने त्याच्या दोन तारा कोणत्याही क्रमाने जोडता येतात. अलीकडच्या बीएलडीसी पंख्यांची रचना मात्र निराळी असते, त्यांना ही चिकित्सा लागू नाही. ज्यांना विजेच्या कामाची सवय नाही, त्यांनी जाणकारासच बोलवावे. मात्र लक्षणे त्याला नीट सांगावीत.

बटण दाबताच पंखा आपोआप फिरू लागला. आई म्हणाली, “मी त्या माणसालाही हेच सांगत होते, पण त्याने ऐकलेच नाही.”

श्रोते हो, दुरुस्तीची पहिली पायरी पेचकस नव्हे. घरच्या माणसाचे म्हणणे नीट ऐकून घेणे, ही होय.