विश्वाची मोजणी आणि दोन उत्तरे



एकाच शेताची मोजणी दोन अनुभवी मोजणीदारांनी केली आणि दोघांचे क्षेत्र जुळले नाही, तर आपण काय करतो? सरासरी काढून वाद मिटवीत नाही. साखळी तपासतो, हद्दीच्या खुणा पाहतो, नकाशा पुन्हा उघडतो. आज असाच पेच खगोलशास्त्रापुढे उभा आहे. मात्र तेथील शेत म्हणजे अवघे विश्व होय.

आपली आकाशगंगा हा अब्जावधी ताऱ्यांचा समूह आहे. अशा समूहांना दीर्घिका म्हणतात. जी दीर्घिका जितकी दूर, तितक्या अधिक वेगाने ती आपल्यापासून दूर जाते, हे अमेरिकन शास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दाखवून दिले. दर ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांमागे हा वेग सेकंदाला किती किलोमीटरने वाढतो, तो आकडा म्हणजे 'हबल स्थिरांक'. विश्वाचे वय ठरविण्यास हाच आकडा लागतो.

दीर्घिकेचा वेग तिच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून कळतो. कठीण असते ते अंतर. हबल यांचा आकडा सुमारे ५०० होता. त्यावरून विश्वाचे वय जेमतेम २०० कोटी वर्षे निघे. पृथ्वीवरील खडक मात्र त्याहून जुने ठरत होते. लेक आईपेक्षा थोरली कशी असेल? अखेर १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी उलगडा केला. अंतर मोजण्यासाठी वापरले जाणारे 'सेफीड' नावाचे रूपविकारी तारे दोन प्रकारचे असून त्यांची गल्लत झाली होती. दोष साखळीत होता. ती दुरुस्त होताच दीर्घिकांची अंतरे दुप्पट झाली.

आजचा पेच अधिक सूक्ष्म आहे. पहिली पद्धत पायरीपायरीने जाते : जवळच्या सेफीड ताऱ्यांवरून दूरच्या स्फोटक ताऱ्यांची अंतरे ठरवावयाची आणि त्यांवरून आणखी दूरच्या दीर्घिकांची. या पद्धतीने ॲडम रीस व त्यांच्या सहकाऱ्यांना २०२२ मध्ये ७३ हा आकडा मिळाला. दुसरी पद्धत विश्वाच्या बालपणापासून निघते. विश्वारंभानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळे झालेले प्रारण आजही आकाशात सर्वत्र आढळते. युरोपच्या प्लांक उपग्रहाने त्याची बारकाईने नोंद घेतली. त्यावरून, विश्वाच्या घडणीविषयीचे प्रचलित गणित मांडून, २०१८ मध्ये ६७.४ हा आकडा निघाला. अंतर साडेपाचाचे, परंतु पहिल्या गटाने आपल्या मोजणीत सांगितलेली संभाव्य चूक सुमारे एकाची, तर दुसऱ्याची अर्ध्याची आहे. म्हणून हा फरक योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

मग चूक कोणाची? जेम्स वेब दुर्बिणीने सेफीडांची मोजणी पुन्हा तपासली. हा फरक भरून काढील असा दोष तीत आढळला नाही. वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने तांबड्या महाताऱ्यांच्या आधारे २०१९ मध्ये काढलेला आकडा मात्र सुमारे ७० आहे. एखाद्या पायरीत अद्याप दोष दडलेला असेल, किंवा विश्वाच्या घडणीचे आपले गणितच अपुरे असेल. दुसरी शक्यता खरी ठरल्यास पाठ्यपुस्तकातील मूलभूत प्रकरणे नव्याने लिहावी लागतील.

अशा वेळी तिसरा, स्वतंत्र मोजणीदार बोलवावा लागतो. दोन अतिघन ताऱ्यांच्या मीलनातून उठणारे गुरुत्वीय तरंग त्या घटनेचे अंतर परस्पर सांगतात. मधल्या पायऱ्या लागत नाहीत. ऑगस्ट २०१७ मध्ये अशा एका घटनेवरून सुमारे ७० हा आकडा निघाला. पण त्यातील अनिश्चितता एवढी मोठी होती की, दोन्ही पक्ष तीत सामावले. निकालासाठी अशा अनेक घटना टिपावयास हव्यात आणि त्या आकाशात नेमक्या कोठे घडल्या हेही कळावयास हवे. त्याकरिता पृथ्वीवर परस्परांपासून दूर अशा वेधशाळा लागतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळील 'लायगो-इंडिया' या वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, तिचे महत्त्व येथे आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची ही वेधशाळा या मोजणीत मराठवाड्याच्या भूमीलाही सहभागी करून घेईल.

शिक्षक मित्रांना एक विनंती. हा विषय वर्गात सांगताना दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत आणि निकाल अजून लागावयाचा आहे, हे मोकळेपणाने सांगावे. तो लावण्यासाठी लागणारे मोजणीदार कदाचित आपल्याच वर्गात बसले असतील.