वजन उतरवणारी डबी

श्रोतेहो, आमचं गोसीखुर्द म्हणजे वैनगंगेवरचं धरण आणि भंडारा जिल्हा म्हणजे धान. त्यामुळे वजन म्हटलं की आमच्याकडे आधी धान खरेदीचा काटाच आठवतो. पोत्यामागे किलोभर कमी भरलं तर शेतकरी भांडायला उठतो. आता त्याच मुलखात वजन कमी भरावं म्हणून लोक हजार-दीड हजाराची डबी विकत घेतात. कवी माणसाला याची गंमत वाटणारच. पण विषय गमतीचा राहिलेला नाही.

माझ्या भाचीचं लग्न ठरलं. कुणीतरी ओळखीतून तिला कॅप्सूलची डबी आणून दिली. वर हिरवं पान छापलेलं, खाली 'संपूर्ण नैसर्गिक'. महिन्याभरात पाच किलो उतरले. सोबत रात्रीची झोप गेली, तोंडाला कोरड पडू लागली, बसल्या जागी छाती धडधडायची. पवनीच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि कॅप्सूल बंद करायला लावल्या. त्रास थांबला. डबीत काय होतं ते कळलं नाही, कारण तपासायला ती उरलीच नव्हती. भाचीचा प्रश्न मात्र उरला, "पण मामू, वजन तर उतरलं ना?"

उतरलं, तेच मला खटकलं. नुसत्या झाडपाल्याने इतकं होत नाही. अशा डब्यांवर 'गार्सिनिया' हे नाव फार दिसतं. हे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं. केरळात माशाच्या कालवणात घालतात. १९९८ साली अमेरिकेत १३५ स्थूल माणसांवरच्या चाचणीचा निकाल छापून आला. जेवण सगळ्यांनाच बेताचं. काहींना गार्सिनियाचा अर्क दिला, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या कॅप्सूल. बारा आठवड्यांत अर्क घेणाऱ्यांचे सरासरी ३.२ किलो उतरले आणि पोकळ कॅप्सूलवाल्यांचे ४.१! तज्ज्ञांनी हा फरक हिशेबात धरण्याजोगा मानला नाही, ते बरोबरच आहे. काम जेवणाने केलं होतं. बरं, उपयोग नाही म्हणून अपायही नाही, असंही समजू नये. गार्सिनियाचा किंवा ग्रीन टीचा तीव्र अर्क घेऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कपातला चहा वेगळा आणि कॅप्सूलमधला अर्क वेगळा.

मग जी डबी झपाट्याने लागू पडते, तिच्यात काय असतं? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात लपवून औषध मिसळलेली पूरकं पकडली. त्यांत वजन कमी करण्याची ३१७ होती आणि त्यांपैकी २६९ मध्ये सिब्युट्रामिन सापडलं. हे भूक मारणारं औषध एकेकाळी आपल्याकडेही चिठ्ठीवर मिळायचं. पुढे हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांवर ते तपासलं गेलं. झटका, पक्षाघात किंवा हृदयामुळे मृत्यू यांचं प्रमाण साध्या गोळीवर १० टक्के होतं, ते या औषधावर ११.४ टक्के भरलं. २०११ च्या फेब्रुवारीत भारताने त्यावर बंदी घातली. झोप उडणं, कोरड पडणं, धडधडणं हे त्याचे ओळखीचे त्रास. भाचीच्या डबीत तेच होतं असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांनी डबी मागितली ती उगाच नव्हे.

अशी पूरकं आपल्याकडे अन्नाच्या कायद्यात येतात. 'औषधी वापरासाठी नाही' असं त्यांवर छापावंच लागतं, फक्त ते कुणी वाचत नाही. डबीवरचा चौदा आकडी परवाना उत्पादकाची नोंद सांगतो; वजन उतरेल याची हमी देत नाही. २०२५ मध्ये वजनाची नवी इंजेक्शनं भारतात आली. मोठ्या चाचण्यांत त्यांनी वजन उतरवून दाखवलं आहे, पण ती औषधं आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीवरची आणि त्यांच्याच नजरेखाली घ्यायची.

घरात कुणी अशी कॅप्सूल घेत असेल आणि छाती धडधडली, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर कॅप्सूल तिथेच थांबवा आणि डॉक्टरकडे जाताना डबी सोबत न्या. लाजून ती आधी फेकून देऊ नका.